अर्धवट राहिलेली पितळी कडी

टण्ण!

दुपारचं घर अगदी गप्प होतं. घासलेली भांडी ओट्यावर पालथी पडली होती, पंखासुद्धा दबकत फिरत होता आणि गुंडीची आई भिंतीला टेकून नुकतेच डोळे मिटत होती. तेवढ्यात हा आवाज झाला. मग काहीतरी घरंगळत फरशीवरून पळालं, कपाटाच्या पायाला धडकलं, स्वतःभोवती दोन गिरक्या घेऊन मुकाट आडवं झालं.

"गुंडे! झोपली होतीस ना तू?"

"झोपलेच आहे मी," पलंगाखालून उत्तर आलं.

मित्रांनो, ते फरशीवरून पळालेलं काहीतरी म्हणजे मी. मी एक जुनी पितळी कडी आहे. बांगडीपेक्षा जाड, वाटीच्या तोंडाहून लहान आणि मधून आरपार पोकळ. गुंडी मला कधी चाक म्हणते, तर कधी बाहुलीची विहीर. माझं खरं काम मात्र वेगळं आहे. मी कॅमेरा आणि लेन्स यांच्या मध्ये बसते. ज्या दोघांचं एकमेकांशी मुळीच जमत नाही, त्यांना मी धरून ठेवते. तुमच्याही घरात असं एखादं माणूस असेल. दोघांच्या मधे तेच असतं, पण फोटोत ते कुठेच दिसत नाही.

मी जन्मापासून पोकळ नव्हते बरं का. आधी मी चांगली भरीव होते. एका किराणा दुकानातलं वजन होते मी! दुकानदार मला उचलून तराजूच्या एका पारड्यात ठेवायचा आणि दुसऱ्यात साखर ओतायचा. गिऱ्हाइकांचा दुकानदारावर विश्वास नसायचा, पण माझ्यावर असायचा. पुढे लाल आकडे चमकवणारा काटा आला आणि माझी पत घसरली. काही दिवस मी कागद उडू नयेत म्हणून बसले, काही दिवस दार आपटू नये म्हणून उभी राहिले. मग एक दिवस भंगाराच्या पोत्यात गेले. तिथून मला भिंगमावशींनी उचललं.

भिंगमावशी म्हणजे कॅमेऱ्याच्या लेन्स दुरुस्त करणाऱ्या बाई. त्यांचं दुकान एका जिन्याखाली होतं. दुकान कसलं, दोन माणसं एकदम वळली तर एकमेकांची माफी मागावी लागेल एवढी जागा. पुढच्या अर्ध्या भागात त्यांचे यजमान बसायचे. ते कॅमेऱ्यांचे पट्टे, टोपणं, पिशव्या, धूळ उडवायचे रबरी फुगे असलं नवंकोरं सामान विकायचे. त्यांना सगळे पट्टेकाका म्हणत. मागच्या अर्ध्या भागात मावशी, त्यांचा दिवा, चिमटे आणि एक छोटं लेथ यंत्र. काकांचा धंदा नव्यावर आणि मावशींचा जुन्यावर. त्यामुळे दिवसभर दोघांची जुंपलेली असायची आणि त्यातच दोघांचं पोट भरायचं.

एका सकाळी तिथे एक तरुण बाई आली. कडेवर तान्ही मुलगी, खांद्याला दुपट्यांची पिशवी आणि हातात चामड्याचा डबा. हीच गुंडीची आई, आणि ती तान्ही म्हणजे गुंडी. डब्यात एक जुनी लेन्स होती. काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी बुरशी पसरली होती.

"माझ्या बाबांची आहे," ती म्हणाली. "त्यांचा कॅमेरा कायमचा बंद पडला. ही माझ्या कॅमेऱ्याला बसेल का?"

पट्टेकाकांनी लेन्स नुसती लांबून पाहिली. "ताई, हिच्या दुरुस्तीत नवी येईल. शिवाय हिचे आटे जुने, तुमच्या कॅमेऱ्याच्या खाचा नव्या. ह्या मापाची तयार कडी आता कुठेच मिळत नाही. नवीच घ्या."

"त्यांचं ऐकू नको गं," आतून आवाज आला. "त्यांना सगळंच नवं लागतं. लग्नातसुद्धा मला आणखी कोरं करून मागितलं असतं त्यांनी."

"पावती नव्हती ना!" काका म्हणाले. "नाहीतर बदलूनच आणली असती."

गुंडीची आई खूप दिवसांनी मोठ्यानं हसली असावी. कारण तिच्या हसण्यानं कडेवरची गुंडी दचकली आणि डोळे वटारून तिच्या तोंडाकडे पाहतच राहिली.

मावशींनी लेन्स उघडली, काचा एकेक करून पुसल्या, पुन्हा बसवल्या. "डब्यात कोंडून ठेवली होती ना? काचेलाही हवा-उजेड लागतो बाई. अंधारात ठेवलं की बुरशी धरते," असं पुटपुटल्या. मग त्यांची नजर खणात पडलेल्या माझ्यावर गेली.

मित्रांनो, लेथवर फिरणं सोपं नसतं. मी गरगर फिरत होते आणि पोलादी पातं माझ्या पोटातून सोनेरी कुरळे तुकडे काढत होतं. आयुष्यभर जे वजन मी मिरवलं ते सगळं पितळी किसाच्या ढिगात पडत होतं. एका बाजूला मला लेन्सचे आटे पाडले, दुसऱ्या बाजूला कॅमेऱ्याच्या खाचा. राहिली ती जाडी. मावशींचं त्याबाबत एक म्हणणं होतं: पितळ काढता येतं, परत लावता येत नाही. म्हणून त्या कडी आधी मुद्दाम जाड ठेवत. मग लेन्स लावून रस्त्यापलीकडच्या इमारतीवरची पाण्याची टाकी बघत. टाकी अंधूक दिसली की कडी किंचित उतरवायची, म्हणजे तासून बारीक करायची, पुन्हा बघायचं. टाकीवरची शिडी स्वच्छ दिसली की काम झालं. लांबचं दिसायला लागलं की कडी पक्की, असा तिथला कायदा होता.

माझी वेळ आली, आणि गुंडीनं भोकाड पसरलं. भोकाड म्हणजे काय, अख्खा जिना दणाणला. पट्टेकाकांनी तिच्यापुढे फुगा दाबून फुस्स केलं, पट्टा नाचवला, स्वतःचा चष्मासुद्धा देऊ केला. पोरगी ऐकेना. दूध पाजायला तिथे आडोसा नव्हता.

"मावशी, मी जाते आता. आहे तशीच द्या."

"अगं, नाण्याच्या जाडीएवढी उतरवायची राहिलीय. दोन मिनिटं!"

"पुढच्या आठवड्यात येते ना!"

तान्हं मूल असलेल्या बाईचा पुढचा आठवडा कधी येतो, मित्रांनो? मी अर्धवट राहिले ती राहिलेच.

घरी गेल्यावर गुंडीच्या आईनं मला कॅमेऱ्यात बसवलं, माझ्यात लेन्स फिरवली आणि खिडकीबाहेर पाहिलं. झाड धूसर. समोरची गच्ची धूसर. रस्त्यावरची माणसं म्हणजे पाण्यात विरघळलेले रंग. तिनं लेन्स या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली, पण लांबचं काही केल्या उमटेना. माझी जाडी मधे येत होती. "छे, फुकट गेलं सगळं," ती म्हणाली. मला फार वाईट वाटलं. ज्यानं तराजूत उभा जन्म काढला त्याला आपलं माप चुकल्याचं दुःख काय असतं ते तुम्हाला कसं सांगू?

तिनं कॅमेरा खाली ठेवायला वळवला, तर समोर, अगदी हाताच्या अंतरावर, गुंडी पहुडली होती. आणि कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर एक कान उगवला. कोवळा, कडेला बारीक लव असलेला, उजेडात गुलाबी झालेला कान. इतका स्वच्छ की फुंकर मारली तर लव हलेल. गुंडीच्या आईनं कॅमेरा आहे तिथेच धरला. मग तिनं बटण दाबलं.

तिथून आमचे चांगले दिवस सुरू झाले. भात गॅसवर आहे तेवढ्यात, गुंडी अंघोळीनंतर दुपट्यात गुंडाळलेली आहे तेवढ्यात, असे आम्ही क्षण चोरायचो. मुठीत अडकलेला आईचा केस. ओठावर राहिलेला दुधाचा थेंब. झोपेत हलणाऱ्या पापण्या. पहिला दात, तांदळाच्या कणीसारखा. बघायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, "अगंबाई, किती जवळून काढलेस!" ती हसून म्हणायची, "लांबून येतच नाहीत."

पुढे गुंडी चालायला लागली, मग पळायला लागली. पळणारं मूल हातभर अंतरात राहत नाही. फोटो मोबाइलवर निघू लागले. कॅमेरा कपाटात गेला आणि मी बटणांच्या डब्यात. तिथे मी बराच काळ होते. तुटकी बटणं, एकटे राहिलेले हुक, रिळांची टोकं, आम्ही सगळे एकमेकांना धीर द्यायचो. लेन्सला मात्र आईनं डब्यात कोंडलं नाही. काचेच्या कपाटात, उजेडात ठेवलं. मावशींचं तेवढं बोलणं तिनं ऐकलं होतं.

आता गुंडीच्या आजोबांबद्दल सांगायला हवं, कारण ती लेन्स त्यांची. आजोबा पुलांचे फोटो काढायचे. नदीवर, दरीवर नवे पूल होत, तेव्हा बांधणाऱ्या कंपन्या त्यांना बोलावत. पूल अख्खा यायला हवा म्हणून ते लांब, फार लांब जाऊन उभे राहत. सुट्टीत लेकीला बरोबर नेत. खांब केवढा उंच आहे ते बघणाऱ्याला कळावं, म्हणून तिला खांबाच्या पायथ्याशी उभं करत आणि लांबून ओरडत, "मागे हो! अजून मागे!" ती मागे मागे जायची. त्या फोटोंपैकी एक आमच्या भिंतीवर आहे. आभाळाएवढा पूल, आणि खांबाशी तिळाएवढी एक मुलगी. चेहरा काही दिसत नाही. फ्रॉक आहे, एवढं कळतं.

घरात तिचा लहानपणचा जवळून काढलेला एकही फोटो नाही. आणि आजोबांचा तर कुठलाच नाही. ते कायम कॅमेऱ्यामागे. स्वभावही तसाच. लेकीकडे आले की दाराजवळच्या खुर्चीत बसायचे, चहा घेऊन झाला की "बरं आहे" म्हणून उठायचे. प्रेम नव्हतं असं नाही. पण ते त्यांच्या पुलासारखं होतं, लांबूनच पूर्ण दिसणारं.

आजी गेल्यावर आजोबा एकटे पडले. मग दूरदेशी असलेल्या मुलानं त्यांना कायमचं तिकडे बोलावलं. जाण्याआधी ते चार दिवस आमच्याकडे राहायला आले. गुंडीच्या आईनं ठरवलं, बाबांचा एक फोटो काढायचा, आणि तोही त्यांच्याच लेन्सनं. पुन्हा कधी भेट होईल कोण जाणे. तिनं बटणांचा डबा पलंगावर उपडा केला, मला शोधलं आणि मला घेऊन जिन्याखालच्या दुकानात धावली.

"मावशी, ती कडी! नाण्याएवढी उतरवायची राहिलेली!"

मावशींनी मला ओळखलं. पण लेथवर फडकं झाकलेलं होतं.

"मोटर जळलीय गं. आठ दिवस तरी लागतील."

"आठ दिवसांनी बाबा इथे नसतील."

"मग नवी लेन्स घ्या!" पट्टेकाका आशेनं म्हणाले.

"अहो, जरा!" मावशी ओरडल्या.

"बरं, नका घेऊ. मग कडी बारीक होत नाही तर माणसालाच पुढे ओढा," काका म्हणाले आणि पट्टे पुसायला लागले. ते थट्टेत बोलले. पण गुंडीच्या आईनं मला मुठीत घट्ट धरलं. घरी येईपर्यंत मूठ उघडली नाही.

संध्याकाळचा उतरता उजेड खिडकीतून आत येत होता. आजोबांना फोटोचं सांगितल्यावर ते उठले, शर्टाची बटणं नीट केली आणि सवयीनं थेट पलीकडच्या भिंतीशी जाऊन उभे राहिले.

"तिथे नको बाबा. पुढे या."

ते एक पाऊल पुढे आले.

"अजून पुढे."

"अगं, पाय कापले जातील माझे."

"जाऊ देत. अजून पुढे या."

"इतक्या जवळून नाक मोठं येतं. साधा नियम आहे."

"मोठंच आहे ते," गुंडी म्हणाली.

आजोबा हसले, आणि हसण्याच्या नादात दोन पावलं पुढे आले. गुंडीनं खुर्ची ढकलत आणली. ते बसले. गुंडीच्या आईनं खुर्ची आणखी ओढली, आणखी ओढली. शेवटी त्यांचे गुडघे तिच्या गुडघ्यांना लागले. आणि माझ्यातून, मित्रांनो, त्यांचा चेहरा धुक्यातून वर आला. डोळ्यांच्या कडेच्या रेघा, गालावर दाढी करताना राहून गेलेले दोन पांढरे केस, चष्म्यानं नाकावर पाडलेला लाल खळगा. गुंडीची आई किती तरी वेळ नुसती पाहत होती.

"काढतेस की नाही?" आजोबांचा आवाज बारीक झाला होता. एवढ्या जवळून त्यांच्याकडे कोणी पाहिलंच नव्हतं बहुतेक.

क्लिक झालं. मग त्यांनी लेन्सकडे नीट पाहिलं.

"ही माझीच ना? बसवलीस कशी?"

"ह्या कडीनं. पण कडी अर्धवट आहे. लांबचं काही दिसत नाही हिच्यातून."

"आण इकडे."

तिनं कॅमेरा त्यांच्या हातात दिला आणि दोन पावलं मागे सरकली. लेन्सवर बोटं आपोआप आपापल्या जागी गेली. त्यांनी लेकीवर रोख धरला आणि जुन्या सवयीनं म्हणाले, "मागे हो—" आणि थांबले. माझ्यातून त्यांना फक्त धूसर रंग दिसत होते. मग ते हळूच म्हणाले, "नको. इकडे ये. ये अशी."

ती पुढे सरकली. आजोबा लेन्स फिरवत राहिले.  मी दोघांच्या अगदी मधोमध होते.

"भुवईत हा व्रण कधीचा गं तुझ्या?"

"लहानपणचा. पुलाखाली खडीवर पडले होते."

"मी कुठे होतो?"

"तुम्ही तिथेच होतात, बाबा."

 गुंडीनं एकदा आजोबांकडे पाहिलं, एकदा आईकडे. मग आजोबांनी बटण दाबलं. कॅमेरा खाली ठेवला. एक बोट पुढे करून त्यांनी लेकीच्या भुवईवरून फिरवलं, अगदी हलकेच, काचेवरची धूळ पुसावी तसं.

आता आजोबा दूर आहेत. ते दोन फोटो शेजारी शेजारी लावले आहेत. पुलाचा फोटोही आहे तिथेच, आपल्या जुन्या खिळ्याला.

मध्यंतरी मावशींचं यंत्र दुरुस्त झालं. गुंडीची आई लेन्स पुसून घ्यायला गेली, तेव्हा त्यांनी मला पाहून हात पुढे केला. "आण, आता उतरवून देते. मला बाई चैन पडत नाही. माझ्या हातची एवढी एकच कडी चुकीची फिरतेय जगात."

"असू दे, मावशी."

"अगं, समोरची टाकीसुद्धा दिसत नाही हिच्यातून!"

"लांबून खूप पाहून झालंय आमचं," ती म्हणाली आणि मला पदरात घ्यावं तसं ओंजळीत घेऊन घरी आली. मावशी मात्र अजून कुरकुरतात म्हणे. त्यांचंही बरोबरच आहे.

मित्रांनो, मी काही मोठी वस्तू नाही. मला धड काचही नाही. पण एक मागणं आहे. एखादी वस्तू जुळत नाही, मापात बसत नाही म्हणून लगेच भंगारात टाकू नका. तिला घेऊन एकदा एखाद्या जिन्याखालच्या दुकानात जा. आणि ज्या काचांमधून तुमच्या माणसांनी जग पाहिलं, त्या अंधारात कोंडू नका. बुरशी फार हळू चढते, दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. अधूनमधून त्यांना उजेडात आणा, मऊ फडक्यानं पुसा, डोळ्याला लावा. समोर कोणी धूसर दिसलं, तर एकदा म्हणून बघा, जरा जवळ ये.

असो. मी अजून कपाटाच्या पायाशी आडवीच आहे.

पलंगाखालून गुंडी रांगत आली. तिनं मला उचललं, फ्रॉकला पुसलं आणि एका डोळ्याला लावलं. माझ्या पोकळीतून तिनं खिडकी पाहिली, पंखा पाहिला, आईचे मिटत आलेले डोळे पाहिले. मग भिंतीवरच्या फोटोंवरून फिरत फिरत पुलापाशी थांबली.

"आई, इथे खाली ही मुंगी कोण आहे?"

"मुंगी नाही गं. मी आहे ती."

"तू? एवढीशी?"

"आजोबा खूप लांब उभे होते ना, म्हणून."

गुंडीनं मला डोळ्यावरून काढलं. पुलाकडे पाहिलं, मग शेजारच्या फोटोतल्या भुवईवरच्या व्रणाकडे पाहिलं. मला पुन्हा डोळ्याला लावून ती आईजवळ आली, इतकी जवळ की तिचं नाक आईच्या गालाला टेकलं.

"आई, मग तेव्हा आजोबांनी तुला जवळ का नाही बोलावलं?"